रकाना नववा

रविवार, ३ जून १९५६. सकाळी ६:२०

ही वही आजपासून. वही ऑफिसच्या स्टोअरमधली आहे, पण आतला मजकूर माझा.

निश्चय: रोज पहाटे पाचला उठून ग्रंथाचं एक पान लिहायचं. ग्रंथाचं नाव ठरलं आहे, ‘शब्द आणि त्याचा अर्थ’. एकूण बावीस प्रकरणं. हैदराबाद सरकारच्या तर्जुमा शाखेत तेवीस वर्षं झाली. आधी उर्दूचं मराठी केलं, आता इंग्रजीचं मराठी करतो. या शहरात माझ्याइतके शब्द कोणी इकडचे उचलून तिकडे ठेवले नसतील. हे ज्ञान माझ्याबरोबर जाऊ नये.

आज सहाला उठलो. रविवार आहे. उद्यापासून पाच.

पहिलं वाक्य झालं: ‘शब्द म्हणजे वस्तूकडे दाखवलेलं बोट.’ सौ.ला वाचून दाखवलं. ती पीठ चाळत होती. म्हणाली, मग ‘नाही’ हा शब्द कशाकडे बोट दाखवतो? म्हटलं, ते दुसऱ्या प्रकरणात येईल.

दुसऱ्या प्रकरणासाठी नोंद: ‘नाही’.

बुधवार, ६ जून

आमचे सुपरिंटेंडेंट मुनीरुद्दीन साहेब. त्यांच्या दारावर चपराशाने चिठ्ठी लावली आहे, ‘साहब अभी आते’. सकाळी दहाला वाचली तेव्हा ‘अभी’ म्हणजे दहा. बाराला वाचली तेव्हा बारा. चिठ्ठी तीच, अक्षर तेच, शाईसुद्धा तीच. मग अर्थ कोणी बदलला? मी? मी तर नुसता उभा होतो.

दुपारपर्यंत यावरच विचार. शेती खात्याचं टोळांबद्दलचं पत्रक राहून गेलं.

हणमंतराव म्हणाले, साहेब भाचीच्या लग्नाला गुलबर्ग्याला गेलेत, शनिवारी येतील. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. हणमंतराव नांदेडचे. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर आहेत. भला माणूस, विचार करत नाही.

पाचला उठलो नाही. साडेसहा.

मंगळवार, १९ जून

राज्य मोडणार हे आता नक्की. तेलंगी जिल्हे आंध्राबरोबर, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि आमचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात. तारीख एक नोव्हेंबर. नोकरांचीही वाटणी होणार. शाखेत सगळे चेहरे उतरवून बसले होते. मी नाही. नव्या राज्याला मराठवाड्याचे उर्दू कागद वाचणारा माणूस लागणारच. तो माणूस कोण, हे शोधायला कमिशन नेमायची गरज नाही.

जेवताना सौ.ला सांगून टाकलं, आपण मराठवाड्यात जाणार, ठरलं. तिने विचारलं, कोणी ठरवलं? म्हटलं, परिस्थितीने. औरंगाबादेत शाखा निघेल, मी तिचा प्रमुख असेन. तिचा जन्म इथला, याच नल्लकुंट्यातला. इथल्याच सरकारी मुलींच्या शाळेत मराठीच्या वर्गांना शिकवते. थोड्या वेळाने म्हणाली, मला इथलं पाणी मानवतं.

भामा, आमची मुलगी, इंटरला आहे. ती म्हणाली, दादा, वहाँ हमारे जैसा बात कौन करते? म्हटलं, मराठीत बोल. म्हणाली, तेच तर विचारतेय.

शनिवार, ७ जुलै

वाटणीचे फॉर्म आले. दहा रकाने. रकाना तीन, जन्मगाव. रकाना सात, मूळ गाव. रकाना नऊ: ‘आपणांस हैदराबादेत राहावयाचे आहे काय? हो किंवा नाही यांपैकी एकच शब्द लिहावा.’

मराठी तर्जुमा माझाच. मे महिन्यात घाईने करून दिला होता. तेव्हा फक्त भाषेकडे लक्ष होतं. आज पहिल्यांदा उत्तर देणारा म्हणून वाचला आणि जागच्या जागी बसलो. हैदराबादेत म्हणजे कुठे?

हणमंतराव म्हणाले, म्हणजे इथे. म्हटलं, इथे म्हणजे? त्यांनी फरशीवर पाय आपटून दाखवला.

सोमवार, ९ जुलै. सकाळी ७

आज मोठा शोध लागला.

माझं गाव अंबाजोगाई. सरकारी दप्तरात मोमिनाबाद. गाव एकच. आईला कधी कोणी मोमिनाबाद विचारलं तर म्हणायची, असेल कुठेतरी तिकडे, मी नाही बाई गेले. अंबाजोगाईत ओसरीवर बसून म्हणायची. आता, तिला अंबाजोगाई माहीत होती. मोमिनाबाद माहीत नव्हतं. आणि दोन्ही एकच आहेत. मग तिला ते गाव माहीत होतं की नव्हतं?

जगात हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

संध्याकाळी भामाला सांगितलं. ती म्हणाली, दादा, आमच्या लॉजिकच्या सरांनी असंच काहीतरी शिकवलं, एका चांदणीची दोन नावं, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. विलायतेत कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलंय म्हणे. मी विचारलं, त्याला मोमिनाबाद माहीत होतं का? ती म्हणाली, नसेल. मग झालं तर.

रकाना तीनमध्ये मोमिनाबाद लिहिलं, सातमध्ये अंबाजोगाई. वाचणारा अधिकारी तिथे क्षणभर थांबेल. त्याच्या रुक्ष दिवसात तेवढाच विचार.

गुरुवार, १९ जुलै

सौ.च्या शाळेतही फॉर्म आले. तोच, माझा तर्जुमा असलेला. तिने विचारलं, तुम्ही काय लिहिलंत? म्हटलं, आपण जाणार हे ठरलेलं आहे, त्यात काय विचारायचं. ती पेन घेऊन जरा वेळ खिडकीशी बसली. मग नवव्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, खाली सही केली आणि भाजी चिरायला उठली. दोन मिनिटं.

कोणतं हैदराबाद, हा प्रश्न तिला पडलाच नाही. शिक्षिका असून.

सोमवार, ३० जुलै

उद्या शेवटची तारीख. नवव्या रकान्यावरचं माझं टिपण पूर्ण झालं, अकरा पानं. सार असं. हैदराबाद तीन: एक शहर, एक जिल्हा, एक राज्य. पैकी राज्य ३१ ऑक्टोबरला संपणार. ‘नाही’ लिहिलं, तर जे नसणारच आहे तिथे मी राहणार नाही असं होतं. ते तर कोणीही राहणार नाही. ‘हो’ लिहिलं, तर जे नसेल तिथे राहण्याचा हट्ट होतो. सारांश, दोन्ही उत्तरं पोकळ. प्रश्न दुरुस्त करून पुन्हा विचारावा.

नवव्या रकान्यात लिहिलं, ‘सोबतचे टिपण पाहावे’.

हणमंतराव ‘नाही’ लिहून चहाला गेले होते. परत येऊन माझा फॉर्म बघितला. म्हणाले, एकनाथराव, आत्ता ‘नाही’ लिहून टाका, टिपण मागाहून द्या. मला त्यांची कीव आली. टिपणाशिवाय ‘नाही’ला काय अर्थ आहे?

मंगळवार, ३१ जुलै

४:४० वाजता फॉर्म दाखल. टाचणी अकरा पानांतून जाईना. दोरा ओवून शिवलं.

बुधवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. पाचला उठणार होतो. आठ. ग्रंथात भर नाही, परंतु पहिल्या वाक्यातला ‘दाखवलेलं’ काढून ‘रोखलेलं’ केलं.

मंगळवार, २१ ऑगस्ट

वरून मेमो आला. ‘जन्मगाव व मूळ गाव वेगवेगळी दिसतात. आठ दिवसांत खुलासा करावा.’

थांबले. मी म्हटलं होतं ना.

बुधवार, २९ ऑगस्ट

खुलासा दिला, सात पानं. गावं वेगळी नाहीत. पण एकच आहेत असंही नुसतं म्हणता येत नाही. कारण ‘अंबाजोगाई म्हणजे अंबाजोगाई’ असं म्हटल्याने कोणाला काही कळत नाही आणि ‘अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद’ म्हटल्याने कळतं. आईचं उदाहरण दिलं. शेवटी नम्रपणे सुचवलं की या विषयावर शाखेत एक व्याख्यान देण्यास मी तयार आहे.

मुनीरसाहेबांनी सही करण्याआधी सात पानं उलटसुलट करून बघितली. विचारलं, इसमें जवाब किधर है? म्हटलं, सबमें. त्यांनी सही केली. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले आहेत.

शनिवार, २२ सप्टेंबर. दुपारी ३

लिस्ट लागली. व्हरांड्यात गर्दी. हणमंतराव मुंबई राज्यात, नांदेड कचेरी. पलीकडे शिक्षण खात्याची लिस्ट होती, त्यात सौ. तारामती एकनाथराव आपेट, औरंगाबाद, कन्याशाळा.

माझं नाव मुंबईच्या लिस्टमध्ये नाही. तीनदा वाचली.

शेवटी एक वेगळा कागद होता. ‘खालील नोकरांनी पर्याय दिलेला नाही. सबब ते आहेत तेथेच राहतील.’ चार नावं. पहिले गेल्या वर्षी वारले. दुसरे रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. तिसरा चपराशी, त्याला लिहिता येत नाही. चौथा मी.

मुनीरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, हौ या नक्को, एकीच लफ्ज लिखना था तुमको. ग्यारह पन्ने कैकू लिखे? म्हटलं, साहेब, सवालच चुकीचा होता. त्यांनी कपाटातून मूळ इंग्रजी काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: नवीन राज्य झाल्यावर हैदराबाद शहरातील कचेऱ्यांत नोकरी करण्याची इच्छा आहे काय? शहर, कचेऱ्या, नोकरी, सगळं होतं. साहेबांनी विचारलं, तर्जुमा किसका?

म्हटलं, तो मुद्दा वेगळा.

मराठीत आणताना वाक्य सुटसुटीत केलं होतं. वाईट नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी आल्याबरोबर सौ.ला सांगितलं, तुझं नाव लागलं, औरंगाबाद. तिने विचारलं, आणि तुमचं? म्हटलं, माझंही होईल.

हे खोटं बोलणं नव्हे. ‘होईल’ हे भविष्यकाळातलं वाक्य. भविष्यात काय आहे ते अजून घडलेलं नाही, म्हणून असं वाक्य आजच्या तारखेला खरं नसतं तसं खोटंही नसतं. यावर एक स्वतंत्र प्रकरण करावं लागेल. तेविसावं.

जेवण गेलं नाही. दाढ दुखते आहे.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

सौ. रोज थोडं थोडं सामान बांधते. आज पितळेची भांडी चिंध्यांत गुंडाळली. मला विचारलं, तुमची पुस्तकं एका पेटीत मावतील ना? म्हटलं, मावतील. पेटी बांधायला मदतही केली. पुस्तकांच्या पेटीवर तिने खडूने ‘हे’ असं लिहिलं. हे म्हणजे मी.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

शनिवार, ६ ऑक्टोबर

दाढ.

रविवार, १४ ऑक्टोबर. दसरा

सविस्तर लिहितो.

संध्याकाळी हणमंतराव आणि त्यांच्या पत्नी केसरबाई सोनं द्यायला आले. आपट्याची पानं दिली-घेतली. सौ. आत बशा भरत होती. हणमंतराव मला म्हणाले, एकनाथराव, तुम्ही इथे एकटे राहणार, जेवणाचं काय करणार? बरकतपुऱ्यात एक खाणावळ आहे, मालक उदगीरचा आहे, त्याला सांगून ठेवू का?

सौ. बशी घेऊन दारात उभी होती.

तिने बशा ठेवल्या. केसरबाईंना कुंकू लावलं, नीट बोलली, दारापर्यंत पोचवायला गेली. परत येऊन माझ्यासमोर बसली. विचारलं, तुम्ही ‘नाही’ लिहिलं होतंत ना?

म्हटलं, टिपण जोडलं होतं.

ती म्हणाली, मी ते विचारलं नाही. ‘नाही’ लिहिलं होतंत का?

मी तीन हैदराबादांबद्दल सांगायला लागलो. शहरापर्यंत आलो. जिल्ह्यावर थांबलो, कारण ती रडत नव्हती आणि रागावतही नव्हती, नुसती ऐकत होती. चौथीच्या वर्गात एखादी मुलगी चुकीचं गणित शेवटपर्यंत सोडवते तेव्हा बाई ऐकतात तसं.

मग म्हणाली, मला हे शहर सोडायचं नव्हतं. माझे आईवडील इथे गेले, भामा इथे झाली. तुम्ही ठरलं म्हणालात. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस ठरलं म्हणतो म्हणजे ठरलं असणार. म्हणून मी ‘नाही’ लिहिलं.

म्हटलं, अजून बदलता येईल. ती म्हणाली, कोणाचं?

भामा आतल्या खोलीत होती. तिने रेडिओ बंद केला.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

सौ. काल रजा काढून एकटीच शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली होती. मला आज कळलं. दिलेला पर्याय बदलता येत नाही. शिवाय तिच्या शाळेतले मराठीचे दोन वर्ग पुढच्या वर्षी एक होणार, म्हणजे इथली जागाही जाणारच. औरंगाबादेत पंधरा नोव्हेंबरच्या आत रुजू झालं नाही तर नोकरी संपली.

मी म्हटलं, नोकरी सोड. माझी आहे. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुमची कसली आहे?

हा प्रश्न दोन तऱ्हांनी घेता येतो. विचार केला. दोन्ही तऱ्हांनी उत्तर येईना.

शनिवार, २० ऑक्टोबर

योजना. वर विनंती-अर्ज करायचा. मुनीरसाहेब म्हणाले, शनिवारपर्यंत, म्हणजे सत्तावीसपर्यंत, दो तो मैं खुद लेके जातौं, सेक्रेटरी अपने पुराने यार हैं. पण छोटा लिखना.

एक पान. फार तर दीड.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

पहिला मसुदा चौदा पानं. पार्श्वभूमी समजल्याशिवाय विनंतीचं गांभीर्य कळणार नाही.

सौ. म्हणाली, मी लिहून देऊ का, एका ओळीत होईल. म्हटलं, सरकारी अर्ज आहे, किराण्याची यादी नव्हे. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

टेबलावर सौ.ने कागद ठेवलेला सापडला. शाळेतल्या फळ्यावरचं असतं तसं तिचं अक्षर. ‘माझी बायको व मुलगी औरंगाबादेस जात आहेत. मलाही तिथे पाठवावे ही विनंती.’ खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे.

ऑफिसात नेला. खरं सांगायचं तर चांगला आहे. फक्त ‘तिथे’ खटकतं. तिथे म्हणजे औरंगाबादेस, की बायको व मुलगी जिथे असतील तिथे? उद्या त्यांची बदली जालन्याला झाली तर? अर्ज मंजूर करणारा गोंधळात पडेल. ‘तिथे’वर एक छोटी तळटीप हवी.

शनिवार, २७ ऑक्टोबर

तळटीप पाऊण पान झाली आहे. मुख्य मजकुरापेक्षा मोठी दिसते. तोल साधला पाहिजे. मुनीरसाहेब दोनदा टेबलापाशी येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, दे देव मियाँ, जैसा है वैसा दे देव. म्हटलं, सोमवारी सकाळी पहिलं काम.

सोमवार, २९ ऑक्टोबर

दिला. साहेबांनी हातात घेतला नाही. म्हणाले, सेक्रेटरी शनिवार के शाम कू बंबई गए. परसों के बाद ये दफ्तर नईं, मैं नईं, तुम्हारा कागज किस के पास जाता? मग चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला.

घरी आल्यावर सौ.ने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तिला कळलं होतं.

गुरुवार, १ नोव्हेंबर

सकाळी दारावरची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती, अक्षरं आत. शाखा बरखास्त. पुढची नेमणूक येईपर्यंत बसून राहायचं. हणमंतरावांचं टेबल रिकामं. ते मंगळवारीच गेले. जाताना त्यांनी मला त्यांची चांगली कात्री दिली.

एक उदाहरण सुचलं. ‘हैदराबाद सरकारचा मराठी भाषांतरकार दुपारी जेवला.’ हे वाक्य आज खरं की खोटं? हैदराबाद सरकार नाही, म्हणून त्याचा भाषांतरकार नाही, म्हणून तो जेवला हे खरं नाही. बरं, खोटं म्हणावं तर मग तो उपाशी राहिला असं होतं. पण उपाशी राहायलाही कोणीतरी लागतो.

नीट लिहून काढावं म्हणून कागद घेतला. डबा उघडला. पिठलं आणि ज्वारीची भाकरी होती. झाकण परत लावलं.

सोमवार, १२ नोव्हेंबर

दिवाळी होऊन गेली. लिहिण्यासारखं नाही.

आज दोघी गेल्या. काचीगुड्याहून मनमाडच्या गाडीने. सामान गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकलं. माझ्या पुस्तकांची पेटी सौ.ने घरीच ठेवली, खडूचं अक्षर पुसलं नाही. डब्यात बाईमाणसं चांगली होती, जालन्यापर्यंतची.

भामा खिडकीत बसली. म्हणाली, दादा, तुम बी आजाते न? मी मराठीत बोल म्हटलं नाही. म्हटलं, आतौं. तिला हसू आलं आणि मग तिने तोंड आत घेतलं.

सौ. खाली उतरून फलाटावर उभी होती. चहा-साखर कुठे आहे ते सांगितलं. दूधवाल्याला सांगितलंय म्हणाली. मग म्हणाली, कधी याल? मी सुरुवात केली, म्हटलं, कधी हे सांगायचं तर आधी... आणि थांबलो. तिनेही घाई केली नाही. शिट्टी होईपर्यंत थांबली. मला एक वाक्य हवं होतं. कोणाचंही चाललं असतं. तेवीस वर्षं लोकांची वाक्यं हाताखालून गेली, त्यातलं एकही आलं नाही.

तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि डब्यात चढली.

नल्लकुंट्यापर्यंत चालत आलो.

सोमवार, २६ नोव्हेंबर

नेमणूक आली. जुन्या दप्तराच्या खोलीत. नवे सुपरिंटेंडेंट तेलुगू आहेत, गुंटूरकडचे, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी विचारलं, मीरु एवरु? तुम्ही कोण. म्हटलं, भाषांतरकार. कशाचे? मराठीचे. इथे मराठी कागद आहेत का? म्हटलं, होते. ते औरंगाबादेस गेले.

त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि सुतळीचा गुंडा दिला. गठ्ठे बांधायचे. हणमंतरावांची कात्री चांगली चालते.

सोमवार, १७ डिसेंबर

बदलीचा अर्ज पाठवला. दोन ओळी. सौ.चाच मजकूर, तळटीप नाही. सुपरिंटेंडेंटने वाचून विचारलं, एवढंच? म्हटलं, एवढंच. ते म्हणाले, हा सप्टेंबरच्या आधी यायला हवा होता. आता दोन राज्यांचा मामला आहे, इकडून तिकडे जाईल, तिकडून इकडे येईल, वर्षं जातील. तरी पाठवतो म्हणाले.

मंगळवार, २५ डिसेंबर

सुट्टी. पाचला जाग आली. उठून काय करायचं ते आठवेना. सात वाजेपर्यंत पडून राहिलो.

शनिवार, ५ जानेवारी १९५७. दुपारी

सौ.चं कार्ड आलं.

‘सप्रेम नमस्कार. घरी आता सगळं नीट लागलं आहे. डबे वरच्या फळीवर ठेवले, पीठ खालच्या. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. भामाला मैत्रीण मिळाली. बाकी ठीक. तुमची दाढ कशी आहे?’

कार्ड हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वरची फळी बघितली. खालची बघितली. वाकून आतपर्यंत बघितली. मग खिडकी उघडली. समोर शेजारच्यांची भिंत.

भिंतीकडे बघत काही वेळ उभा होतो, तेव्हा लक्षात आलं की ती तिथल्या घराबद्दल लिहिते आहे.

उत्तर लिहायला बसलो. दाढ बरी आहे, असं लिहिलं. पुढे बरीच जागा होती.